लाल द्या, चमकीवाली नको

"वयनी, लाल द्या. चमकीवाली नको."

एवढं बोलून तो काउंटरवर नेलपॉलिशची रिकामी बाटली ठेवायचा आणि रस्त्याकडे बघत उभा राहायचा. हात कोपरापर्यंत काळे, शर्टाचं एक बटण चुकून वरच्या काजात, आणि मागणी काय, तर नेलपॉलिश! पेणच्या बाहेर पडताना माझं बांगड्या-टिकल्यांचं दुकान लागतं, त्याला चिकटून त्याचं गॅरेज होतं. बिनलग्नाचा माणूस, पन्नाशीला आलेला, सारखी लाल नेलपॉलिश नेतो म्हटल्यावर माझ्या डोक्यात काय काय आलं असेल ते तुम्हीच ओळखा. त्यात मी तोंडाची फटकळ. एकदा विचारलंच.

"भाऊजी, कोण हाय ती? आणा की घरी. आम्ही काय खातो तिला?"

त्याचे कान लाल झाले. मला गॅरेजमध्ये घेऊन गेला आणि एक स्पार्क प्लग माझ्या तळहातावर ठेवला.

"ह्याचं टोक बघा. बारका आकडा हाय ना? त्याची एक बाजू बंद, एक उघडी. इंजिनात पेट्रोल जिथून येतं, तिकडं उघडी बाजू पायजे. म्हंजे ठिणगी मोकळी भेटते त्याला. पण प्लग आत गेला की टोक दिसतं का?"

"नाय."

"म्हणून बाहेर रेघ. उघडी बाजू जिकडं, तिकडं वरच्या पांढऱ्या भागावर लाल रेघ मारायची. पेनाची पुसते. तुमची नाय पुसत."

माझ्या नेलपॉलिशचं असं कौतुक आजवर एकाही बाईने केलं नव्हतं.

मग मी रिकाम्या वेळी बघत बसायची. एकाच कंपनीचे प्लग, पण प्रत्येकाचे पिळाचे आटे वेगळ्या जागी सुरू होतात म्हणे, त्यामुळे आवळल्यावर प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. हा एक आवळून बघणार, रेघ भलतीकडे आली की काढणार, दुसरा लावणार. अख्खा खोका संपला तरी जमलं नाही, तर खाली तांब्याचं पातळ वायसर घालून बघणार. जमलं की वर रबरी टोपी दाबणार, रेघ झाकून जायची. मी म्हटलं, "अहो, जरा जास्त पिळा की, येईल जाग्यावर." तर माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी देवाला पाय लावला.

"किती फरक पडतो एवढ्यानं?"

"थोडाच. पण तेवढा आपल्या हातात हाय."

हा खटाटोप गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी नव्हता. तो एकाच गाडीसाठी होता, धाकट्या भावाच्या शर्यतीच्या मोटरसायकलसाठी. आईबाप लवकर गेले, धाकट्याला ह्यानेच भरवलं, शाळेत घातलं, आयटीआय करवलं. धाकटा रोह्याच्या एका कंपनीत लागला, बायकोला घेऊन तिकडेच राहायला गेला. पण शिफ्ट सांभाळून दर रविवारी यायचा. भात कापून झालं की रिकाम्या शेतांत मातीतल्या शर्यती लागतात. गाडी बनवायची ह्याने, पळवायची त्याने. रविवारी त्या गॅरेजमधून जे हसणं-खिदळणं ऐकू यायचं, त्याने माझंही दुकान भरल्यासारखं वाटायचं. एरवी मीही दिवसभर एकटीच.

त्याचा एक नियम होता. ज्यानं आवळलं, त्यानंच सोडायचं. दुसऱ्या मिस्त्रीने बसवलेला प्लग काढायला कोणी आलं, तर हा हातच लावायचा नाही. "त्याच्या हाताला ठाऊक किती जोर दिलाय. मी काढायला जाईन नि सोबत आटे पण उपटून येतील. जा त्याच्याकडं." गिऱ्हाईक चरफडत जायचं. मी म्हणायची, असा धंदा केलात तर उपाशी मराल. त्यावर नुसता हसायचा.

आणि मग ती शर्यत झाली. धाकटा पहिला आला. कप घेऊन थेट गॅरेजवर. समोरच्या चहावाल्याकडची सगळी माणसं जमली, मीही दुकान तसंच टाकून गेले. हा तर कप पुसूनच थकत नव्हता. तेवढ्यात धाकटा सगळ्यांसमोर हसत बोलला, "दादा, तुझा रंगवलेला प्लग काढला मी. तिथं एकाकडचा साधा घेतला नि दिला ठोकून, कसा पण. तरी आलो ना पयला!"

सगळे खो खो हसले. हाही हसला. कप फळीवर ठेवला आणि म्हणाला, "जेवून जा." धाकट्याची शिफ्ट होती, गाडी गॅरेजमध्येच ठेवून तो गेला.

त्या दिवसापासून ह्याचं काहीतरी बिनसलं. धाकट्याचा फोन आला की "गिऱ्हाईक हाय" म्हणून ठेवायचा. हळूहळू फोनही कमी झाले. गणपतीला रोह्याहून कोणी आलं नाही. ह्याने मात्र मूर्तिकारांच्या जोहे गावातून नेहमीएवढीच मूर्ती आणली. आरतीला तो आणि मी, दोघंच. टाळ त्याच्या हातात, टाळ्या माझ्या, आणि आवाज मोबाईलमधला. आरती संपल्यावर तो मोबाईल बंद करायचा विसरला, नि पुढची आरती आपोआप सुरू झाली. मला फार वाईट वाटलं.

गाडी ताडपत्रीखाली उभी होती. रविवारी तो अंघोळ करून धुतलेला शर्ट घालायचा, गाडी पुसायचा, चेनला तेल द्यायचा, चाकांत हवा भरायचा. कोलंबीचं कालवण करायचा, धाकट्याच्या आवडीचं. रोह्याहून येणारी शेवटची एसटी येऊन गेली की संध्याकाळी वाटी घेऊन माझ्याकडे यायचा. "वयनी, जास्त झालंय." मी घ्यायची.

"सगळं करता, मग प्लग का नाय बदलत?" मी एकदा विचारलं.

"तो त्यानं आवळलाय. तो येईल नि काढेल. मग मी रेघेचा बसवीन."

"अहो मग फोन करून बोलवा ना त्याला!"

"फोनवर कुठं प्लग निघतो?"

"मी सांगते त्याला."

"तुम्हाला माझी शपथ हाय, वयनी. त्याला वाटलं पायजे."

असा हट्टी माणूस! मनात आलं, दोन थोबाडीत द्याव्यात आणि मग जवळ बसवून जेवायला वाढावं.

एका सकाळी त्याचं शटर उघडलं नाही. छातीत कळ आली होती. दवाखान्यात नेलं, त्याच्या मोबाईलवरून रोह्याला मीच कळवलं. धाकटा धावत आला, पण उशीर झाला होता.

तेरावं झाल्यावर धाकटा गॅरेज आवरायला आला. ताडपत्री काढली, गाडी बघत उभा राहिला. आता कसली शपथ? मी सगळं सांगून टाकलं. तुझं ते बोलणं त्याला लागलं, म्हटलं. तुझा प्लग तूच काढशील म्हणून वाट बघत बसला.

तो गाडीपाशी खाली बसला.

"मी मस्करी केली व्हती, वयनी. प्लग बदललाच नव्हता मी."

त्याने प्लगवरची रबरी टोपी ओढली. आत पांढऱ्या भागावर लाल रेघ होती, माझ्या दुकानातली. जिकडे हवी तिकडेच तोंड करून.

"मला वाटलं, माझी पाठ फिरली की टोपी ओढून बघेल नि शिव्या घालेल मला. त्या शिव्यांची वाट बघत व्हतो मी. नाय आल्या, तेव्हा वाटलं, रोह्याला वेगळं घर केलं म्हणून रागावलाय दादा." त्याने हातातली टोपी माझ्यापुढे धरली. "नुसती टोपी ओढायची व्हती ओ."

मला रडू आवरेना. काहीतरी करायचं म्हणून मी भिंतीवरचा पाना काढून त्याच्या हातात दिला. "काढ बाबा आता तो प्लग. तुझ्याचसाठी ठेवलाय."

त्याने पाना प्लगवर बसवला. मग हलक्या हाताने पाना परत काढून घेतला.

"हा दादानं आवळलाय, वयनी," तो म्हणाला, आणि टोपी परत दाबून बसवली.