आमचं डॉट कूप

आमची संस्था बंद पडून आता बरीच वर्षं झाली. तरी आम्ही जुनी मंडळी कुठं भेटलो की अर्ध्या तासात डोमेनचा, म्हणजे संस्थेच्या इंटरनेटवरच्या नावाचा, विषय निघतोच. लग्नात कमी, दहाव्याला जास्त! एक जण म्हणतो, "त्या साहेबाचं सांगा की." दुसरा म्हणतो, "आधी पेंटरचं." असे किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. काहीतरी चांगलं घडंल म्हणून माणसं वाट बघत बसतात, आणि तेवढ्या वेळात किस्से आपोआप साठतात.

संस्था म्हणजे मेंढीपालकांची सहकारी लोकर संस्था. ऑफिस निमगाव सावाला, सभासद जुन्नर आणि आंबेगाव अशा दोन तालुक्यांत विखुरलेले. सभासदांची लोकर घ्यायची, घोंगड्या विणून घ्यायच्या आणि विकायच्या. व्यापारी मध्ये नको, या एका हट्टापायी चेअरमन धोंडिबाअण्णांनी ती नव्वदच्या दशकात काढली होती. मी राजुरीची. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून तिथं क्लार्क लागले. वय कोवळंच होतं, पण अण्णांपासून सगळे मला 'मॅडम'च म्हणायचे.

*

ओझरला देवळाच्या रस्त्यावर आमचा घोंगड्यांचा स्टॉल असायचा. एकदा पुण्याकडचे एक गृहस्थ आले. घोंगडी हातात घेऊन चाचपली आणि म्हणाले, "इंटरनेटवर तुमची बघितली ती मऊ वाटली. ही तर टोचते!"

अण्णा म्हणाले, "आमची? इंटरनेटवर? पावणं, आमाला अजून फोन नीट लागत न्हाई!"

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि मी नारायणगावला भास्करच्या सायबर कॅफेत गेलो. भास्कर म्हणजे आमच्या भागातला पहिला नेटवाला. त्यानं संस्थेचं नाव टाकलं, पुढं डॉट कॉम लावलं, आणि पान हळूहळू वरून खाली उतरायला लागलं. आधी आमच्या संस्थेचं नाव आलं. मग एका मेंढीचा फोटो. मेंढी पांढरीशुभ्र, आमच्याकडं जन्मात झाली नाही अशी! त्याखाली मिलमधली रंगीत ब्लँकेटं.

अण्णांनी वाकून ती मेंढी निरखली. "ह्यो कोण?"

"कोण आहे ते कळत नाही अण्णा. पण नाव जो आधी घेईल त्याचं."

"आरं, पण नाव आमचं हाय! जमिनीला सातबारा असतो, हितं काय न्हाई व्हय?"

"नाही."

"मंग नाव कुणाचं ते ठरवतं कोण?"

भास्करनं खांदे उडवले. "अमेरिका!"

*

पण भास्कर हुशार. त्यानंच शोधून काढलं की नावाच्या शेवटी डॉट कॉमऐवजी डॉट कूप असंही असतं, आणि ते फक्त सहकारी संस्थांनाच मिळतं. कंपनीला नाही, दुकानदाराला नाही. संस्था सहकारी आहे याची आधी खात्री करतात, मगच देतात.

अण्णांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. "व्यापाऱ्याला मिळतच न्हाई?"

"नाही."

"कितीबी पैसे टाकले तरी?"

"तरी नाही."

आयुष्यभर जे स्वप्न बघितलं ते कुणीतरी परदेशात बसून आधीच करून ठेवलंय, असा त्यांचा चेहरा झाला होता.

लगेच संचालकांची मीटिंग लागली. संचालकांत तात्या होते. दोन्ही तालुक्यांत त्यांच्यासारखी घोंगडी विणणारा दुसरा नव्हता आणि त्यांच्यासारखा खुसपटं काढणाराही. ते म्हणाले, "कूप म्हंजी आपलं काटेरी कुंपणच ना?"

अण्णा म्हणाले, "तसंच समज. व्यापाऱ्याचं ढोर आत शिरू नये म्हणून."

"आन कुपानंच शेत खाल्लं तर?"

सगळे हसले. अण्णा नाही हसले. ठराव पास झाला.

*

आता आम्ही सहकारी आहोत याचा इंग्रजीतला दाखला पाहिजे होता. म्हणून सहकार खात्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि संस्थेचे पोटनियम मागवले. वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवलं.

"तुमचं कार्यक्षेत्र काय लिहिलंय इथं? जुन्नर आणि आंबेगाव तालुका."

"व्हय साहेब."

"आणि इंटरनेट कुठं असतं?"

मी म्हणाले, "सगळ्या जगात, सर."

"मग! कार्यक्षेत्राबाहेर संस्थेला कसं जाता येईल?"

अण्णांचा आवाज चढला. "साहेब, दिवाळी झाली की आमची मेंढरं पार कोकणात उतरत्यात. तवा कुठं जातं कार्यक्षेत्र?"

साहेबांनी फाईल मिटली. "मेंढ्या सभासद नाहीत!"

*

दाखला अखेर मिळाला. त्यासाठी किती खेटे घातले ते विचारू नका. मी त्याचं इंग्रजी केलं, भास्करनं स्कॅन करून डॉट कूपवाल्यांना पाठवलं. उत्तर आलं. तपासणाऱ्या बाईंनी नम्रपणे विचारलं होतं: तुमच्या नावात शेवटी 'लिमिटेड' दिसतंय. मग ही कंपनी तर नाही ना? मालक कोण, तेवढं कळवा.

मी अण्णांना विचारलं, "मालक म्हणून कुणाचं नाव टाकू? तुमचं?"

अण्णा खुर्चीवरून उठलेच. "माझं? मॅडम, मी कदी मालक झालो? समद्या सभासदांची नावं टाका!"

"अण्णा, सगळ्यांची?"

"समद्यांची. एक जरी गाळलं तरी ते खोटं."

मग बसले टाईप करत. लोडशेडिंगचे दिवस. एक पान होत आलं की लाईट जायची, लिहिलेलं सगळं पुसलं जायचं, की पुन्हा पहिल्यापासून. अण्णा शेजारी बसून नावं सांगायचे. मध्येच थांबायचे. "ह्यानं मेंढरं इकली मागल्या साली." पुढचं नाव. "हा चाकणला कंपनीत वॉचमन झाला." आणखी पुढचं. "ह्यो... ह्यो वारला." मी विचारायचे, "मग टाकू का?" ते म्हणायचे, "टाका. नाव कमी केलेलं न्हाई अजून."

झालं तेवढं पाठवलं, उरलेली उद्या पाठवते म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर हजर: 'कृपया आणखी नावं पाठवू नका. आमची खात्री पटली!'

*

आता फक्त फी भरायची राहिली. ती क्रेडिट कार्डावरच घेणार. ड्राफ्ट नाही, मनीऑर्डर नाही. आमच्या कुणाकडं असलं कार्ड? भास्करकडंही नव्हतं. चौकशी करता करता कळलं, आमच्या माहितीत असं कार्ड एकाच माणसाकडं आहे. लोकरीच्या व्यापाऱ्याकडं!

संस्था निघाल्यापासून अण्णा त्या शेठजींच्या पेढीची पायरी चढले नव्हते. तात्या म्हणाले, "जाऊ द्या राव. नावावाचून काय अडलंय?" अण्णांनी सदरा बदलला, मला म्हणाले, "चला मॅडम."

शेठजींनी उठून स्वागत केलं. चहा मागवला. अण्णांनी रोख रक्कम टेबलावर ठेवली, शेठजींनी ती न मोजता बाजूला सारली आणि मला कार्डाचा नंबर लिहून दिला. माणूस वागायला अगदी सरळ.

आम्ही निघालो. मागं गोदामाचं दार उघडं होतं. आत लोकरीच्या थप्प्या लागलेल्या. गोण्यांवर सभासदांच्या खुणा होत्या. लाल टिकला कुणाचा, निळी रेघ कुणाची, अण्णांना तोंडपाठ. आमच्याकडं येणारी लोकर त्या वर्षी निम्म्यावर आली होती, ती का ते तिथं कळलं.

अण्णा दाराशी थबकले. शेठजी हळूच म्हणाले, "अण्णा, नाव तुमचं झालं. लोकर तेवढी माझ्याकडंच येतीय."

परतीच्या एस्टीत मी तिकिटं काढली, अण्णांनी किती झाले म्हणूनसुद्धा विचारलं नाही.

*

नाव मिळाल्यावर भास्करनं त्यावर आमच्या घोंगड्यांचं पान टाकलं आणि आम्ही ऑफिसवरचा बोर्ड नवा करायला घेतला. पेंटरला मी कागदावर सगळं लिहून दिलं. संध्याकाळी बघायला गेले तर ऐटीत, पिवळ्या अक्षरांत रंगवलेलं: संस्थेचं नाव, डॉट कॉम!

म्हटलं, "अहो, हे काय केलंत?"

पेंटर हसला. "मॅडम, तुमचं लिवताना चुकलं व्हतं. मी आपलं दुरुस्त केलं. त्याचे येगळे पैसे नकोत!"

बोर्ड बदलेपर्यंत पावसाळा गेला. तोवर येणारीजाणारी माणसं नाव बघून घरी जायची आणि कॉम्प्युटरवर त्या पांढऱ्याशुभ्र मेंढीच्या दारात पोचायची. एका बाईंनी तर आमच्याकडं मुद्दाम येऊन तक्रार केली, "तुमचं ब्लँकेट एका धुण्यात विटलं हो!"

अण्णांनी त्यांना आमची घोंगडी बदलून दिली. मी म्हणाले, "अण्णा, ते आपलं नव्हतंच."

"नाव तर आपलंच व्हतं," अण्णा म्हणाले.

*

मग एक दिवस खरंच ऑर्डर आली. कुठल्याशा थंड मुलखातल्या मच्छीमारांची सहकारी संस्था. त्यांचंही डॉट कूप. त्यांनी लिहिलं होतं: समुद्रावरचं वारं फार झोंबतं, तुमच्या घोंगड्यांबद्दल वाचलं. आमच्या सभासदांसाठी पाहिजेत. जमतील तेवढ्या पाठवा.

मी धावत तात्यांच्या घरी गेले. तात्या ओट्यावर बसले होते. हातातल्या कपातला चहा बशीत सांडत होता, कारण हात आता थरथरायला लागला होता. मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकून त्यावर कांदा पसरलेला. घोंगडीला द्यायची चिंचोक्याची खळ शिजवायचं भांडं कोंबड्यांच्या पाण्याला लावलेलं. संस्थेच्या बाकीच्या विणकरांतला एक चाकणला, एक टोमॅटो मार्केटात हमालीला. उरलेल्यांचे डोळे गेलेले.

"तात्या, ऑर्डर आली! परदेशातनं!"

तात्या आधी हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जलमभर आमी गिऱ्हाईक हुडकलं. आता गिऱ्हाईक इणकर हुडकतंय व्हय!"

अण्णांनी मला उत्तर सांगितलं. "लिवा. लोकर थोडी हाय, माग हाय, इणणारं कुणी ऱ्हायलं न्हाई. माफी असावी."

मी तसंच लिहिलं. चार-पाच दिवसांनी त्यांचं उत्तर आलं: 'आम्ही समजू शकतो. आमच्याकडे होड्या आहेत, जाळी आहेत. मासे राहिले नाहीत.'

मी ते मराठीत वाचून दाखवलं. अण्णांनी मान हलवली.

"खरी सहकारी संस्था हाय," ते म्हणाले.

*

त्यानंतर संस्था अवसायनात निघाली. म्हणजे सरकारनं ती गुंडाळायला माणूस नेमला. तो आला, त्यानं वजनकाटा, टेबल, कॉम्प्युटर असं सगळं ताब्यात घेतलं आणि दाराला सील ठोकलं. मी दुसरीकडं नोकरी धरली.

काही महिन्यांनी भास्करचा निरोप आला. डॉट कूपवाल्यांचा मेल आहे. नाव पुढं चालू ठेवण्याआधी त्यांनी एकच प्रश्न विचारलाय: 'तुम्ही अजूनही सहकारी संस्था आहात का?' हो किंवा नाही, एवढंच कळवायचं.

मी अण्णांना जाऊन सांगितलं. वाटलं, 'जाऊ द्या' म्हणतील. ते म्हणाले, "ह्ये मी एकट्यानं कसं सांगू? सभा घ्यावी लागंल."

अवसायक नेमल्यावर संचालक मंडळ उरत नाही, हे मला माहीत होतं. अण्णांनाही माहीत होतं. तरी त्यांनी सगळ्यांकडं स्वतः जाऊन निरोप दिले. रविवारी सकाळी सील ठोकलेल्या दारासमोर, पायरीवर सभा. अण्णा आले, तात्या आले, इतिवृत्त लिहायला मी. बाकी कुणी आलं नाही.

अण्णांनी घड्याळ बघितलं. "गणपूर्ती झाली न्हाई. सभा अर्धा तास तहकूब."

नियम तसाच आहे. माणसं कमी असली तर अर्धा तास थांबायचं, मग आहेत तेवढ्यांत सभा घेता येते. दोघं त्याच पायरीवर बसून राहिले. तात्या मध्येच काहीतरी बोलायला गेले. अण्णा म्हणाले, "सभा तहकूब हाय."

अर्धा तास झाला. अण्णा उठून उभे राहिले, टोपी नीट केली. "सभा सुरू. इषय एकच. आपण अजून सहकारी संस्था हाय का? हाय म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

तात्यांनी थरथरता हात वर केला.

"न्हाई म्हणणाऱ्यांनी हात वर करा," अण्णा म्हणाले, आणि स्वतःचा हात वर केला.

मी लिहून घेतलं: एक मत हाय, एक न्हाई.

अण्णांनी हात खाली घेतला. मग घसा साफ करून, भरल्या सभेत बोलावं तशा आवाजात म्हणाले, "समसमान मतं पडली. अशा टायमाला अध्यक्षाला एक जादा मत असतं. मॅडम, लिवा: अध्यक्षांनी आपलं जादा मत 'हाय'ला दिलं."