गोपिकाबाईंचं मशीन

गांधीबागेत नानाजींचा औषधांचा होलसेलचा धंदा होता. मी तिथं बिलं लिहायला होतो, पण माझं खरं काम वेगळंच होतं. नानाजी आणि गोपिकाबाई यांच्या मध्ये बसायचं.

गोपिकाबाई म्हणजे नानाजींच्या धाकट्या भावाची विधवा. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, तिनंही त्याच्यासमोर यायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. नानाजी गल्ल्यावर, बाई आत खोक्यांच्या रांगेमागे आणि मी दारात. "कृष्णकांत, तिले विचार, खोकल्याचं औषध किती उरलं." मी मान वळवून विचारायचो. बाईंचा आवाज नानाजींना चांगला ऐकू यायचा, तरी मी पुन्हा सांगेपर्यंत त्यांनी काही ऐकलेलं नसायचं. आधी मला हसू येई, पुढं पुढं वैताग.

बाई कन्हानच्या, मॅट्रिक झालेल्या. नवरा काविळीनं गेला तेव्हा तिशीच्या आतबाहेर होत्या. घर दुकानाच्या वरच. बरेच दिवस वर भाकरी थापत काढल्यानंतर एका दुपारी त्या मागच्या जिन्यानं उतरल्या आणि माल लावू लागल्या. नानाजींनी पाहिलं आणि मला म्हणाले, "बसू दे." त्या दिवसापासून मालाची सगळी नोंद त्यांच्याकडे. काम हातात आल्यापासून त्यांचा चेहराच बदलला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पंच्याऐंशी साली सीताबर्डीवर कॉम्प्युटरवाल्याचं एक ऑफिस निघालं. आपण बिलं नेऊन द्यायची, त्यांनी त्यांच्या मशीनवर चढवायची आणि कोणता माल किती उरला, कशाची मुदत संपत आली, ते छापून द्यायचं. त्यांचा माणूस दुकानात आला, चहा प्यायला, गोड बोलला. नानाजींनी एकच विचारलं, "आमच्या बाजूच्या दुकानाचंही तुमीच करता ना?" तो हो म्हणाला. तो गेल्यावर नानाजी भडकले. "आपला धंदा दुसऱ्याच्या टेबलावर उघडा टाकून देऊ का गा? मशीन आपलं, आपल्या घरात. बस."

कारण खरं होतं, पण अर्धंच. नोंदीचं काम सीताबर्डीला गेलं असतं तर गोपिकाबाई पुन्हा वर चुलीपाशी गेल्या असत्या. दुकानात बाईमाणूस कशाला, असं म्हणायला नातेवाईक टपलेलेच होते. हे नानाजींना कळत होतं, मला कळत होतं, बाईंना तर सगळ्यांच्या आधी कळलं असणार. पण तोंडातून कोणी काढलं नाही. हे घर असंच होतं, मोठी गोष्ट असली की सगळे मुके.

मशीन आलं. खोक्यांमागची जागा साफ करून तिथं बसवलं. बाई शिकल्या आणि थंडीभर काम झकास चाललं. मग नागपूरचा उन्हाळा लागला. मशीनला गारवा लागतो, असं विकणाऱ्यानं बजावलं होतं. आता आमच्याकडे गारवा म्हणजे कूलर, दुसरं डोक्यात येतंच कशाला! नानाजींनी खिडकीला भला मोठा कूलर लावला, त्यात नवा कोरा खस, म्हणजे वाळा, भरला आणि दुपारी स्वतः बादलीनं पाणी ओतू लागले. ज्या बाईशी बोलायचं नाही तिच्या खोलीसाठी हा साठीचा माणूस बादल्या उचलत होता. मला त्यांची माया दिसायची आणि रागही यायचा. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं?

खसाच्या वासानं खोली कशी प्रसन्न झाली. फक्त कागद ओले व्हायला लागले. छापताना चिकटायचे, फाटायचे. मग मशीन काहीबाही दाखवू लागलं. उमरेडच्या दुकानदाराला आम्ही औषध संपलं म्हणून परत पाठवलं आणि त्याच औषधाची खोकी माझ्या पाठीमागे पडलेली होती. तो चिडून दुसरीकडे गेला तो कायमचा.

दुरुस्तीवाला आला. कूलरकडे पाहून त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही याला वाफारा देताय! याला कोरडी हवा लागते." नानाजींचा चेहरा एवढासा झाला.

तो गेल्यावर ते मला म्हणाले, "कृष्णकांत, तिले सांग, घाबरू नको म्हणा. मी एसी बसवून देतो."

मी मान वळवली तर बाई माझ्या मागेच उभ्या. डोक्यावर पदर, नजर खाली. खोक्यांच्या पुढं आलेलं त्यांना मी पहिल्यांदा पाहत होतो.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "दुकानासाठी मशीन ठेवायचं तर ठेवा. माझ्यासाठी नका ठेवू. दुरुस्ती, एसी, लाइट गेली तर जनरेटर, आपलं दुकान हेच करत बसन का? सीताबर्डीवाल्याले देऊन टाका."

नानाजींनी मान भिंतीकडे फिरवली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "कृष्णकांत, तिले विचार, मंग ते काय करन?"

माझी सहनशक्ती तिथं संपली. "नानाजी, त्या इथंच उभ्या आहेत. तुमीच विचारा ना."

मग भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं, "तू काय करशीन?"

"त्याइले मशीनवर माणसं पाहिजेत. मी जाऊन विचारून आली. हो म्हणाले."

"लोक नावं ठेवतीन."

"ठेवू द्या. तुमी नका ठेवू, बस एवढंच."

नानाजी गल्ल्यावरून उठले, आत गेले आणि कूलरचं बटण बंद करून आले.

बाई सीताबर्डीला जाऊ लागल्या. नानाजींनी बिलं तिकडे द्यायचं ठरवलं खरं, पण धंदा उघडा पडायची धाकधूक होतीच. पहिल्या खेपेला मला घेऊन स्वतः गेले. बाई टेबलामागे खुर्चीवर बसल्या होत्या. समोर छापील कागदांची चळत आणि वर आमच्या बाजूच्या दुकानाचं नाव. नानाजी बिलं द्यायच्या निमित्तानं वाकले. चष्मा सावरला. मला त्यांची लाज वाटली.

बाईंनी तो गठ्ठा उचलला आणि पालथा घातला.

"भाऊजी, ते दुसऱ्याचं आहे."

आवाज मऊच होता. नानाजी सरळ झाले, बिलं टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. आम्ही रिक्षात बसलो. आता नानाजी हे सगळं रद्द करणार, असंच मी धरून चाललो होतो. टेकडीचा गणपती मागे पडला तसे ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आपलंही असंच पालथं घालत असंन गा ते."

मग डोळे पुसले आणि उन्हाला शिव्या दिल्या.