पोट सुटलेला बुरूज

वणीच्या पुढच्या एका गडावर आम्ही काही नाशिककर रविवारी श्रमदानाला जातो. टाक्यातला गाळ काढायचा, पायऱ्यांवरचं गवत कापायचं, एवढंच काम. आमचे प्रमुख निवृत्त इतिहासशिक्षक. गड यादवांच्या काळापासूनचा, दरवाजा आणि बुरूज मागाहूनचे, असं ते सांगतात. मी बांधकामातली इंजिनिअर. त्यामुळे उन्हाळ्यात दरवाजाशेजारचा बुरूज नीट पाहिला आणि माझा जीव धास्तावला. बुरुजाला पोट सुटलं होतं, मधले दगड बाहेर फुगून फट पडली होती. फटीत हात घातला तर आतला चुना पिठासारखा बोटांना लागला. खालूनच गावाची पायवाट जात होती.

मी सरांना म्हटलं, पावसाआधी वरचे थर उतरवू, दगडांवर खुणा करू, मग तसेच रचू. परवानगीशिवाय गडाचा दगड हलवायचा नाही, असं ते म्हणाले. ते चूक नव्हतं; हौसेने सिमेंट थापलेले गड आम्ही दोघांनी पाहिले होते. त्यांनी पुरातत्त्व खात्याकडे अर्ज केला आणि वाट पाहणं सुरू झालं.

मला वाट पाहता येत नाही. गंगापूर रोडच्या साइटवर स्लॅब भरत असताना मी फोनमधले बुरुजाचे फोटो मोठे करून बघायची. फट वाढल्यासारखी वाटायची. मग वाटायचं, सावली असेल. शेवटी रजा टाकून एकटीच गेले आणि गावकऱ्यांना वाट बदलायला सांगितलं. बहुतेकांनी ऐकलं. शेळ्या राखणारी एक आजी ऐकेना.

"तुमी रविवारी येता, आमी रोज जातो," ती म्हणाली. "इतकी वर्सं नाय पडला, आताच बरा पडंल?"

कधी पडेल हे मलाही सांगता येत नव्हतं. मी तिच्या सुनेला वर नेलं आणि फट दाखवली. सुनेने स्वतः फटीत हात घालून पाहिला. संध्याकाळी तिने बाभळीच्या फांद्या ओढून वाट बंद केली. आजीने माझ्याशी बोलणं टाकलं.

आषाढात भर दुपारी बुरूज पडला. फोन सुनेचाच आला. "ताई, बुरूज गेला. माणसं, शेळ्या समदी ठीक हायेत."

हायसं वाटलं आणि लगेच राग आला, कुणाचा ते कळेना. सरांना कळवलं. ते म्हणाले, "तुझं ऐकायला हवं होतं." उन्हाळाभर मला हेच ऐकायचं होतं. ऐकल्यावर ते नको झालं.

परवानगी दिवाळीनंतर आली. आता उतारावरचे दगड वर आणतोय, चुना मळतोय, माझ्या फोटोंवरून थर जुळवतोय. पुष्कळसा अंदाजच आहे. बुरूज भक्कम होईल, पण तो जुनाच म्हणायचा का, यावर आमचा रोज वाद होतो. परवा एक दगड मी काढायला लावला, पुन्हा बसवला, पुन्हा काढला. गवंडी हातातली थापी खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, एकदा काय ते ठरवा."