मला विचारा

"इज शी हॅपी हिअर?"

डॉक्टरने हे माझ्या नवऱ्याला विचारलं. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते. हात मांडीवर, बोटांची पेरं सुजून लाल झालेली. सकाळपासून मला मूठ वळता येत नव्हती. आणि हा माणूस निखिलला विचारत होता, ती इथे खूश आहे का.

निखिल जरासा हसला. म्हणाला, "शी मिसेस इंडिया अ लॉट."

इंडियाची आठवण येते असं मी कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, मला पीठ मळता येत नाही. ओलं फडकं पिळता येत नाही. सायकलचं कुलूप दाबताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. हे सगळं मी येताना ट्राममध्ये त्याला सांगितलं होतं. त्यातलं "थोडं दुखतं" एवढंच त्याने पुढे पोचवलं.

दोघं माझ्या डोक्यावरून बोलत राहिले. झोप कशी आहे. मैत्रिणी आहेत का. दिवसभर घरात असते का. रक्त आधीच तपासून झालं होतं, त्यात काही निघालं नव्हतं. "ब्लड इज फाइन." विषय संपला. पॅरासिटामॉल घ्या, चाला, सायकल चालवा. मी आपली बघतेय, याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून याच्याकडे.

उठताना तो निखिलला म्हणाला, "तुमच्याकडच्या बायकांमध्ये हे आम्ही बरंच बघतो. मन दुखलं की अंग दुखतं."

हसत म्हणाला. दारापर्यंत सोडायला आला. इथे कुणी ओरडत नाही. डॉक्टर जीन्स घालून बसतो, स्वतःचं नुसतं नाव सांगून हात पुढे करतो. अपमान इतका नम्र असतो, की घरी पोचेपर्यंत तो झालाय हे कळतच नाही. मला रायस्वाइक या डच गावातल्या आमच्या जिन्यात कळलं. कठड्याला धरून वर चढताना.

हा फेब्रुवारी. पुढच्याच महिन्यात कोरोनाने सगळं बंद झालं.

इथे हॉस्पिटलात थेट जाता येत नाही. आधी हाउसआर्ट्स, म्हणजे आपला नेहमीचा डॉक्टर. त्याने पाठवलं तर पुढचं दार उघडतं. आता तर तोही फोनवर. आधी असिस्टंट उचलायची, तिचा पहिला प्रश्न, "हे खरंच तातडीचं आहे का?" बाहेर माणसं मरत होती. मी बोटांचं काय सांगणार? मी सॉरी म्हणायची. आजारी मी, आणि सॉरीही मीच म्हणायची.

डॉक्टरचा फोन आला की निखिल स्पीकरवर बोलायचा. मी समोर बसून माझीच बातमी ऐकायची. "शी इज अ बिट बेटर." मी हातवारे करून नाही नाही म्हणायची. तो मला हातानेच थांब म्हणायचा. फोन ठेवल्यावर म्हणायचा, "अगं, सगळं सांगितलं तर त्यांना आपण कटकटे वाटतो. मग खरंच गरज लागली की ते लक्ष देणार नाहीत."

"खरी गरज म्हणजे कुठली?"

यावर तो लॅपटॉप उघडायचा.

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. इथे त्याच्या व्हिसावर आले, मोठ्या खटपटीने एका छोट्या कंपनीत काम मिळवलं. लॉकडाऊनमध्ये ते घरून सुरू झालं. सकाळी बोटं इतकी आखडलेली असायची, की गरम पाण्यात बुडवून मग कीबोर्डवर ठेवायची. चुका व्हायला लागल्या. वेग गेला. करार संपला तो त्यांनी वाढवला नाही. लेकीची वेणी घालता येईना. रेवा मोकळ्या केसांनी शाळेत गेली. "इट्स ओके, आई," म्हणाली. मला ते ओके तिच्या तोंडून नको होतं.

आई बार्शीला. तिला व्हिडिओवर हात दाखवले तर ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "डॉक्टरला उलटून बोलू नगं बाई. त्यांच्याच हातात असतंय आपलं."

धुणीभांडी करून तिने मला एम.एस्सी. केलं. पण डॉक्टरपुढे तिची मान कधी वर झाली नाही. लहानपणी मला ताप आला की ती मला आमच्या आळीबाहेरच्या दवाखान्यात न्यायची. आत बाकं होती. त्यांवर आम्हाला बसू देत नसत. आम्ही बाहेर, चपला काढतात तिथे. डॉक्टर दारातूनच विचारायचा आणि लांबूनच गोळ्यांची पुडी टाकायचा. नाडी बघायला मनगट कधी धरलं नाही. आई पुडी झेलायची. हात जोडायची. एकदा मी विचारलं, "तो आपल्याला हात का लावत नाही?" आईने माझ्या तोंडावर हात ठेवला.

मला वाटायचं, तो दवाखाना मी कधीच मागे टाकलाय.

पुढच्या हिवाळ्यात उजवं मनगट सुजलं. चहाचा कप सुटला. मी स्वतः फोन केला, आणि प्रत्यक्ष दाखवायचंच आहे म्हणाले. वेळ मिळाली. निखिल सुट्टी टाकून बरोबर आला. दारात मास्क लावलेली असिस्टंट उभी होती.

"फक्त पेशंट."

"शी नीड्स मी. टू एक्स्प्लेन," निखिल म्हणाला.

"सॉरी. कोरोना."

तो बाहेर राहिला, वाऱ्यात, जॅकेटच्या खिशात हात घालून. मी आत गेले. डॉक्टर मास्कमागे, टेबलाच्या पलीकडे लांब सरकून बसलेला. म्हणाला, "आपण तुमच्या मिस्टरांना फोन लावूया का?"

"नाही. मी सांगते."

लॉकडाऊनभर मी घरी बसून डच शिकत होते. मोडकंतोडकं बोलले. अडलं तिथे इंग्रजी. सगळं सांगितलं, सकाळचं आखडणं, वेणी, गेलेली नोकरी. तो स्क्रीनकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, "हा काळ सगळ्यांनाच जड जातोय. मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून बघायचं का?"

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"तुम्ही माझे हात अजून एकदाही धरून बघितले नाहीत."

"आता अंतर ठेवावं लागतं."

"कोरोनाच्या आधीही बघितले नाहीत."

त्याने खुर्ची आणखी मागे सरकवली. आणि त्या सरकण्यात मला बार्शीचा तो दवाखाना दिसला. म्हणजे मी एवढं शिकले, विमानात बसले, समुद्र ओलांडला, आणि खुर्चीत बसूनही होते चपलांपाशीच!

"ग्लोव्ह्ज घाला. आणि दाबून बघा," मी म्हणाले. "मग मला सांधेदुखीच्या खास डॉक्टरकडे पाठवा."

"रक्तात काही नाही, मेवराउ." मेवराउ म्हणजे बाईसाहेब. "आणि बाहेर लोक थांबलेत."

"थांबू देत. मी वर्षभर थांबले. मी उठणार नाही."

बूड खुर्चीला चिकटवलं होतं. त्याने घड्याळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. शेवटी ग्लोव्ह्ज चढवले आणि माझं मनगट दाबलं.

मी किंचाळले. दाबायची नव्हतीच ती किंचाळी. निखिलने ती बाहेर ऐकली.

डॉक्टरने हात मागे घेतला. "ओके," म्हणाला. फक्त ओके. आणि पुढे पाठवलं.

ट्राममध्ये निखिल म्हणाला, "असं भांडायला नको होतंस. आपल्याला त्याच्याकडेच जावं लागणार आहे."

"तू माझं दुखणं अर्धं करून विकत होतास, निखिल. त्याला परवडेल एवढं."

समोरच्या बाईने वळून बघितलं. मराठी होती की नाही, कोण जाणे. बघू दे.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टर बाईंनी आधी विचारलं, "हात लावू का?" एकेक सांधा तपासला. सोनोग्राफी केली. संधिवात. रक्तात न दिसणारा, पण हाडं कुरतडणारा. त्यांनी विचारलं, "इतक्या उशिरा का आलात?"

मला हसू आलं. मग रडू.

दोन बोटांची हाडं झिजली आहेत. ती भरून येणार नाहीत. आठवड्यातून एकदा औषध घेतलं की दोन दिवस मळमळतं. त्याने प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून या साथीत मी आणखीच कोंडली गेले. बरं झालं असं कुणी म्हणू नये.

गोळ्या पुन्हा लिहून घ्यायला परवा त्याच हाउसआर्ट्सकडे गेले. निखिल येतो म्हणाला. नको म्हटलं. डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाला, "आम्ही वेळेत पाठवलं ते बरं झालं."

"तुम्ही पाठवलं नाहीत. मी उठले नाही म्हणून पाठवावं लागलं. आणि वेळेत नाही. तसं माझ्या फाइलमध्ये लिहा."

"लिहितो नंतर."

"आत्ता. आणि मला वाचून दाखवा."

त्याने टाइप केलं, वाचलं. 'थोडा उशीर' असं लिहिलं होतं. मी त्यातला 'थोडा' काढायला लावला.

तक्रारही दिली आहे. तक्रार बघणारे लिहितील, गैरसमज झाला, भाषेची अडचण होती. लिहू देत. मी वरच्या दारावर जाईन, तिथून त्याच्या वरच्या. माझी बोटं वाकडी झालीत. तोंड शाबूत आहे.