तिनं तीन का खोडला

रविवारी सकाळी लातूरच्या घरात मी आणि माझी दहावीतली वैष्णवी शहाबादी फरशीवर खडूनं गणितं सोडवत होतो. मी सातवीपर्यंत शिकलेली... पुढचं तिच्याच पुस्तकांतून वाचत आले.

खरं सांगायचं तर शिकायला कमी आणि नजर ठेवायला जास्त बसले होते. हे गेल्यापासून तिची जबाबदारी एकटीवर, आणि हल्ली ती क्लासवरून उशिरा यायची. विचारलं की एवढंच, "लांबच्या रस्त्यानं आले." लांबच्या कशाला? फोनवर कुणाशी बोलत येते का?... क्लास बंद करून तिला घरी बसवायचं, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

गणित होतं x² भागिले (x − 3) बरोबर 9 भागिले (x − 3). छेदानं गुणलं, x² = 9 राहिलं. माझी उत्तरं दोन, 3 आणि −3. तिचं एकच... तीन तिनं खोडलेला.

"पुस्तकामागचं उत्तर बघून खोडलंस ना?"

"तुला सगळीकडं चोरीच दिसतीय आई! तुझा तीन मूळ गणितात टाकून बघ की."

टाकला. तीन वजा तीन... छेदात शून्य! शून्यानं भागता येत नाही, एवढं मलाही ठाऊक. पायऱ्या पुन्हा पाहिल्या, एकही चुकली नव्हती.

"मग हा आला कुठनं?"

"छेद घालवला न्हाई का आपण, तवा घुसला. म्हणून शेवटी तपासायचं असतंय."

मी खडू खाली ठेवला. माझ्या संशयाच्या पायऱ्याही अशाच बिनचूक होत्या... उशीर, लांबचा रस्ता, तुटक बोलणं. पण निघालेलं उत्तर माझ्या पोरीला लागू पडतं का, हे बघितलंच नव्हतं.

मग पहिल्यांदाच आवाज न चढवता विचारलं, "लांबून का येतीस गं?"

ती फरशीकडं बघत म्हणाली, "सरळ रस्त्यावर पप्पांचं दुकान लागतंय. आता दुसऱ्याची पाटी हाय तिथं."

यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान... भाजीला जाताना मीही तो रस्ता टाळते. तिला कधी बोलले नव्हते.

सोमवारी क्लास सुटताना तिला आणायला गेले. दोघी लांबच्याच रस्त्यानं आलो, रमतगमत... उशीर का झाला म्हणून विचारणारं घरी कुणी नव्हतं.