शांतता राखा
परवा सोसायटीच्या गेटला ऑइलपेंट लावत होते, आणि त्या वासासरशी मला कोपरीतल्या आमच्या समाजमंदिराची अभ्यासिका आठवली. दहावीची परीक्षा जवळ आलेली, भिंतीवर ‘शांतता राखा’ असं नुकतंच रंगवलेलं, आणि लांब टेबलाभोवती आम्ही मुलं-मुली माना खाली घालून बसलेलो. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे कमिटीची मीटिंग चालू होती. माझे बाबा कमिटीचे सेक्रेटरी. ऑफिसातून सुटले की घरी न येता थेट तिथे जाऊन राबायचे, आणि मला त्याचा केवढा अभिमान! त्या संध्याकाळी त्यांचाच आवाज आला, “अभ्यासबिभ्यास काही नाही हो, चाळीतली पोरं पंख्याखाली झोपायला येतात. बंद करा ती खोली, आपलं ऑफिस करू तिथे.” टेबलावरचं एकही डोकं वर झालं नाही. माझे कान तापले. उठून जावं तर दार कमिटीच्या समोरच. शेजारी माझी मैत्रीण बसलेली. ती चाळीतलीच, घरी एकच खोली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त पुस्तक उचललं आणि भूगोलाचा धडा मोठ्याने वाचायला लागली. मग समोरचा मुलगा, मग सगळेच, आपापला धडा, घसा फाडून, मला पुढचं ऐकू येऊ नये म्हणून. “बघा, सांगत नव्हतो?” बाबा पलीकडून ओरडले, “कसला दंगा चाललाय!” बाबा आता थकलेत. तो दंगा माझ्यासाठी होता, हे त्यांना अजून सांगता आलेलं नाही.