मालक समोर हवा

कुणी कुलूप उघडायला बोलावलं की किल्लीमास्तर आधी एकच प्रश्न विचारायचा, "मालक समोर आहे का?" नसेल, तर हत्यारांच्या पेटीला हातही लावायचा नाही, मग कुणी कितीही हातापाया पडो. एका जावयाला त्याने सासऱ्याच्या दारात भर उन्हात दोन तास ताटकळत ठेवलं होतं, सासरे परत येईपर्यंत. हा नियम त्याच्या ताईचा. वडील गेल्यावर दुकान तिने चालवलं, याच्या हातात कानस तिने दिली, आणि पहिली सणसणीत थप्पडही याच नियमावरून. आता मास्तरची साठी उलटली होती. ताई त्र्याहत्तरची, दमेकरी, त्याच इमारतीत दोन मजले खाली एकटी राहायची.

आणि अशा माणसालाच कोंडलं, काय म्हणावं! साथीच्या दिवसांत मास्तरच्याच चौथ्या मजल्यावर एक रुग्ण निघाला. सरकारी साहेबाने जिन्याच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी जाळीला कुलूप ठोकलं आणि किल्ली घेऊन गेला. चौदा दिवस! मास्तर आणि बायको दोघंही ठणठणीत, पण दोन खोल्यांत त्यांचे जीव आंबून गेले. बायको भांडी आदळायची, हा खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायचा. दिवसातून दहा वेळा जाळीपाशी जाऊन कुलूप बघून यायचा. कुलूप कसलं, खेळणं! त्याचाच त्याला जास्त राग यायचा.

रोज सकाळी नऊला ताईचा फोन एकदा वाजून बंद व्हायचा. म्हणजे ती बरी आहे. नवव्या दिवशी तो वाजलाच नाही. याने चार वेळा लावला, ती उचलेना. तिच्या समोरचे शेजारी मुलाकडे जाऊन तिथेच अडकलेले. पहारेकऱ्याला वर यायची मनाई. मदतीच्या नंबरवरची बाई म्हणाली, "तक्रार नोंदवलीय. आजारी आहेत असं नक्की माहीत आहे का तुम्हाला?"

"माहीत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं!" मास्तर ओरडला. फोन कट झाला.

"अहो, जगाची कुलपं उघडता," बायको म्हणाली, "आणि सख्ख्या बहिणीसाठी हात बांधून बसलात?"

"मालक समोर नाही. आणि मीच तिच्याकडे आजार घेऊन गेलो तर?"

"आणि ती आत पडली असेल तर?"

अकरा वाजले. बायकोने केसातली पिन काढली आणि त्याच्यापुढे धरली. मास्तरने जाळीतून हात बाहेर काढला. कुलूप अर्ध्या मिनिटात उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुलूप उघडल्यावर त्याला कसंनुसं झालं.

ताईच्या दारासमोर मात्र तो हतबल उभा राहिला. गेल्या वर्षी त्यानेच तिथे आतून जाड अडसर बसवून दिला होता. चोराच्या बापालाही उघडणार नाही, अशी फुशारकीही मारली होती. त्याने दार बडवलं, ओरडला, परत बडवलं. खूप वेळाने आतून आवाज आला.

"कोण?"

"मी गं. फोन का नाही उचललास?"

"पलंगाखाली गेलाय. वाकवत नाही मला." मग लक्षात येऊन, "तुला तर कोंडलंय ना?"

"दार उघड, ताई."

"मालक... समोर होता का?"

साठी उलटलेल्या मास्तरने मान खाली घातली. "नव्हता."

"मग जा वर. लाव ते कुलूप."

दर दोन शब्दांनंतर ती दम घेत होती. मास्तरला ते आता ऐकू आलं. "ताप आहे का तुला? खरं सांग."

"म्हणून तर उघडत नाही, बावळटा."

तो पायरीवर बसला आणि त्याच नंबरवर फोन लावला. तुम्ही कुठून बोलताय, असं बाईने विचारल्यावर म्हणाला, "तिच्या दारासमोरून. कुलूप उघडून आलोय असं लिहा हवं तर, पण गाडी पाठवा."

गाडी दीड तासाने आली. तोवर तो दाराबाहेर आणि ती दाराआड, दोघं दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांवरून भांडत राहिले, ती झोपून जाऊ नये म्हणून. नखशिखांत झाकलेली दोन माणसं आल्यावरच तिने अडसर काढला. मास्तर सहा पायऱ्या वर उभा होता. तिला खुर्चीत बसवून न्यायला लागले, तेव्हा तो ओरडला, "पलंगाखालचा फोन द्या हो तिला!" एकजण वाकला आणि त्याने फोन तिच्या मांडीवर ठेवला. ताईने वर पाहिलं, थप्पड मारायला उचलतात तसा हात उचलला आणि तोच हलवून निरोप घेतला.

सरकारी साहेब संध्याकाळी आला. चांगलंच फैलावर घेतलं त्याने मास्तरला. चौदा दिवस आजपासून पुन्हा मोजायचे, म्हणाला. मास्तर मुकाट्याने जाळीआड गेला. साहेबाने तेच कुलूप उचललं.

"साहेब," मास्तर म्हणाला, "हे नको. केसातल्या पिनेने उघडतं. माझ्या दुकानातलं सातलिव्हरी आणा, ते पिनेला दाद देत नाही. किल्ली तुमच्याकडे ठेवा."

"का? आता परत पळणार आहात?"

"उद्या नऊला फोन वाजला नाही," मास्तर जाळी धरून म्हणाला, "तर या कुलपाने मी थांबणार नाही."